तुरटीची लस

नुसते ‘तुरटीची लस’ म्हणून भागत नाही. थोडा खुलासा हवा. काही लसींतले प्रतिजन एकटे टोचले तर शरीर त्याची फारशी दखल घेत नाही, म्हणून सोबत प्रतिसाद वाढवणारे द्रव्य, म्हणजे अ‍ॅडज्युव्हंट, घालतात. फ्रान्सच्या गास्ताँ रामों यांनी घोड्यांवरील प्रयोगांत चक्क टॅपिओका, म्हणजे आपल्या साबुदाण्याचाच ऐवज, वापरून पाहिला होता. १९२६मध्ये इंग्लंडच्या अलेक्झांडर ग्लेनी यांनी घटसर्पाच्या टॉक्सॉइडला, म्हणजे निर्विष केलेल्या विषाला, तुरटीची जोड दिली, आणि अ‍ॅल्युमिनियमचे क्षार (तुरटी त्यांपैकीच) या कामी आजवर टिकून आहेत.

प्रयोगशाळेत पहिला प्रश्न असतो तो प्रतिजन क्षाराच्या कणांना चिकटले का, हा. गढूळ द्रव सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवला की कण तळाशी बसतात. मग वरच्या निवळीत प्रथिन किती उरले ते मोजायचे. (जास्त चिकटले म्हणजे लस जास्त गुणकारी, असे मात्र सरसकट नाही.) कणांचा आकार, सामू, उंदरांतली प्रतिपिंडे या तपासण्या निराळ्या. अशी लस गोठली की कणांच्या गुठळ्या होतात. म्हणून आरोग्य केंद्रातही ‘शेक टेस्ट’ करतात : त्याच बॅचची मुद्दाम गोठवून वितळवलेली कुपी आणि संशयित कुपी एकत्र हलवून शेजारी ठेवायच्या. संशयित कुपीतला साका तितक्याच झपाट्याने खाली बसला, तर ती लस बाद.