गिरणीचं पेन्शन कोणी दिलं?

मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास म्हटला की बहुतेकांना १९८२ चा संप आठवतो. साहजिकच आहे, अडीच लाख कामगारांचं आयुष्य त्यानं उलटंपालटं केलं. पण ताडदेवची पहिली गिरणी सुरू झाली १८५६ साली. मधली सव्वाशे वर्षं हा धंदा कोणाच्या जिवावर चालला, हे कळायला जुनी पुस्तकं उघडावी लागतात. निवृत्तीनंतर मी ती वाचत आलो आहे. शिक्षण सगळं मराठीतून झालेलं, त्यामुळे इंग्रजी शब्दकोश शेजारी ठेवून! वेग अर्थातच बैलगाडीचा.

पहिलं पुस्तक धनंजयराव गाडगीळांचं, १९२४ चं. लेखक तेव्हा जेमतेम तेवीस वर्षांचे. हिंदुस्थानातले कारागीर का बुडाले, याचं खापर ते एकट्या विलायती मालावर फोडत नाहीत. संस्थानिकांचे दरबार गेले, नव्या वर्गाची आवड बदलली आणि यंत्राचा माल आला, अशी कारणं ते एकेक करून मांडतात. एवढ्या तरुण वयात इतका शांत विचार! वर्गात मुलांना कारणमीमांसा शिकवताना हे पुस्तक हाताशी असतं तर किती बरं झालं असतं, असं वाटून गेलं.

दुसरा ग्रंथ म्हणजे १९३१ चा व्हिटली आयोगाचा अहवाल. त्यात म्हटलं आहे, की माणसं शहराच्या ओढीनं येत नाहीत, गावात भागत नाही म्हणून येतात. गावाशी असलेला संबंध मात्र तुटू देऊ नये. आजारपणात, बेकारीत आणि म्हातारपणी गावच आसरा देतं.

हे वाचताना मी थांबलो. माझे वडील साळखात्यात होते आणि आई गावी, रत्नागिरी जिल्ह्यात. वडील यायचे शिमग्याला आणि गणपतीला. लावणी, बेणणी, कापणी, गुरं, आजीचं दुखणं आणि आम्ही चार भावंडं हे सगळं आईकडे. महिन्याची मनीऑर्डर यायची, पण वर्षाचा तांदूळ तिच्या शेतातून यायचा. वडिलांची छाती भरून आली की ते गावीच यायचे. काढा आईच्या हातचा आणि खर्चही तिच्याच गाठीचा.

आयोग ज्याला आसरा म्हणतो, त्याचं नाव आमच्या घरी आई होतं.

आता हिशेब बघा. विम्याचा कायदा १९४८ चा, भविष्यनिर्वाह निधीचा १९५२ चा. त्याआधीच्या जवळजवळ शंभर वर्षांत दमलेला, खोकणारा कामगार गावी परत गेला की गिरणीच्या लेखी तो संपला. त्याला सांभाळलं त्या कोकणातल्या आणि घाटावरच्या शेतांनी, आणि त्या शेतांत राबणाऱ्या बायकांनी. पगार एका माणसापुरता देऊन भागलं, कारण बाकीचं कुटुंब गाव पोसत होतं.

तिसरं पुस्तक मॉरिस डेव्हिड मॉरिस या अमेरिकन अभ्यासकाचं, १९६५ चं. गिरणी कामगार अर्धा शेतकरीच, म्हणून तो टिकत नाही, ही मालकांची जुनी तक्रार. मॉरिस म्हणतात, गिरण्यांना माणसं कधी कमी पडलीच नाहीत. घडी बसली नाही ती मालकांनी काम चालवण्याची जी रीत ठेवली तिच्यामुळे. वाचून बरं वाटलं. वडिलांवरचा एक जुना ठपका कुणीतरी पुसला असं वाटलं.

पुढे १९९४ साली राजनारायण चंदावरकरांनी आणखी एक पाऊल टाकलं. गाव हा कामगाराचा मागासलेपणा नव्हता, संपात तग धरायचं ते बळ होतं, असं त्यांनी दाखवलं. १९२८ चा संप एप्रिल ते ऑक्टोबर चालला. तेव्हा चूल पेटती राहिली ती बऱ्याच अंशी गावाच्या भातावर. म्हणजे गिरणीला पेन्शनचा खर्च वाचवून देणारं गावच गिरणीविरुद्धच्या लढ्यालाही शिधा पुरवत होतं!

एवढं सगळं वाचलं, पण शेतावर राबणाऱ्या त्या बाईचा वेगळा रकाना मला या आकड्यांच्या तक्त्यांत कुठे सापडला नाही. तो आता आपणच भरायला हवा. नातेवाईक मंडळींना एक विनंती. कुणाकडे मनीऑर्डरच्या जुन्या पावत्या, गिरणीचं ओळखपत्र किंवा गावाहून मुंबईला गेलेली पत्रं असतील, तर रद्दीत घालू नका. आणि घरात एखादी आत्या, काकी, मावशी अजून असेल, तर तिला विचारा, तेव्हा वर्षाचं भात किती व्हायचं आणि ते पुरायचं कसं? उत्तर लिहून ठेवा. तारीख घालायला विसरू नका.