स्वादुपिंडदाहाचें भाकीत



आपल्या जठराच्या मागच्या बाजूस स्वादुपिंड नांवाची ग्रंथि आडवी पसरलेली असते. अन्न पचविणारे रस ती निर्माण करते. हेच रस आंतड्यांत पोहोंचण्यापूर्वीं ग्रंथींतच जागृत झाले, तर ती स्वतःसच पचवूं लागते. हा तीव्र स्वादुपिंडदाह होय. पित्तखडे व मद्यपान हीं त्याचीं मुख्य कारणें. पुष्कळ रोगी आठवड्याभरांत बरे होऊन घरीं जातात. कांहींचीं फुप्फुसें व मूत्रपिंडें निकामी होऊन मृत्यु ओढवतो. पहिल्या दिवशीं मात्र दोघेही सारखेच कण्हत असतात. यांपैकीं कोण कोणत्या वाटेनें जाईल हें आधीं कसें ओळखावें, या प्रश्नाचा इतिहास मी आज सांगणार आहें.

बोस्टनचे डॉ. रेजिनाल्ड फिट्झ यांनीं १८८९ सालीं या रोगाचें पद्धतशीर वर्णन केलें. तोंपर्यंत त्याचें निदान बहुधा शवविच्छेदनाच्या वेळींच होई. १८९६ सालीं प्राग येथील हान्स किआरी यांनीं स्वयंपचनाची उपपत्ति मांडली. कारण उमगूं लागलें. भाकीत मात्र वैद्याच्या नजरेवरच अवलंबून राहिलें.

१९७४ सालीं न्यूयॉर्कचे शल्यवैद्य जॉन रॅन्सन यांनीं त्यास गणिताची जोड दिली. त्यांनीं ११ लक्षणें निवडलीं. वय, पांढऱ्या पेशी, रक्तांतील साखर इत्यादि ५ दाखल होतांना पाहावयाचीं. कॅल्शियमची व प्राणवायूची घट इत्यादि ६ पुढील ४८ तासांत. तीन किंवा अधिक आढळलीं, तर रोग गंभीर समजावा. शाळेच्या परीक्षेंत अधिक गुण म्हणजे यश. येथें अधिक गुण म्हणजे अधिक धोका! परंतु हा निकाल लागण्यास दोन दिवस लागत, आणि तेवढ्या अवधींत रोगी हातचा जाऊं शके. म्हणून पुढें नव्या कसोट्या निघाल्या. १९८५ सालची ‘अपाची-दोन’ ही अतिदक्षता विभागांतील सर्वच रोग्यांकरितां होती व ती प्रतिदिनीं मोजतां येई. २००८ सालची ‘बायसॅप’ अवघ्या ५ गोष्टी पाहून २४ तासांच्या आंत अंदाज देते.

हें भाकीत केवळ कुतूहलाचें नव्हे. उपचार त्यावर ठरतात. अन्नाचेंच पाहा. ग्रंथीस विसांवा मिळावा म्हणून रोग्यास उपाशी ठेवावें व पोषण शिरेवाटे द्यावें, असा पूर्वींचा दंडक होता. १९९७ सालीं ग्रीसमधील वैद्यांनीं दाखविलें कीं, गंभीर रोग्यांस नळीनें थेट लहान आंतड्यांत अन्न दिल्यास शिरेवाटे पोषणापेक्षां उपद्रव कमी होतात. मग प्रश्न आला: ज्यांचा आजार बळावेल असें भाकीत आहे, त्या सर्वांस पहिल्याच दिवशीं नळी घालावी काय?

२०१४ सालीं हॉलंडमधून उत्तर आलें. असे २०८ रोगी निवडून एका गटास २४ तासांच्या आंत नळीनें अन्न दिलें. दुसऱ्यास ७२ तासांनीं तोंडानें जेवूं देऊन, न जमल्यासच नळी घातली. जंतुसंसर्गांत वा मृत्यूंत फरक दिसला नाहीं. दुसऱ्या गटांतील १०४ पैकीं ७२ जणांना तर नळी लागलीच नाहीं! भाकीत सर्वांचें वाईट होतें. बहुतेक मात्र स्वतःच्या हातांनीं जेवले.

यांतला बोध मला मोलाचा वाटतो. गुणांची बेरीज शंभर जणांविषयीं बोलते, खाटेवरच्या एकाविषयीं नव्हे. २०१२ सालीं सुधारलेल्या अटलांटा वर्गीकरणानेंही हेंच मान्य केलें: एखाद्या अवयवाचें अपयश ४८ तासांहून अधिक टिकलें, तरच रोगास गंभीर म्हणावें. म्हणजे निर्णय अखेर काळच देतो. आधींची बेरीज सावध करते, इतकेंच. अतिदक्षता विभागांतील नळीवरच्या रोग्यास भूक लागली, हें बरें होण्याचें जुनें लक्षण सांगतांही येत नाहीं. त्याचा श्वास, रक्तदाब, लघवी व रक्तांतील युरिया हींच त्याची वाणी. ती तासातासानें ऐकावी लागते.

नाकांत नळी दिसतांच आप्तेष्टांचा धीर सुटतो. परंतु ती नळी म्हणजे अन्न आहे, निकाल नव्हे.