साणे, पन्हळ आणि मोटारीचे काचेचे छत

नगरहून मनमाडकडे जाणारा रस्ता नागापुरापाशी सीना नदी ओलांडतो आणि पुढे औद्योगिक वसाहतीत शिरतो. या रस्त्यावर धावणाऱ्या मोटारींत छताला सरकती काच असलेल्या गाड्या गेल्या दहा वर्षांत डोळ्यांत भरण्याइतक्या वाढल्या. त्यांच्याबरोबर एक तक्रारही आली. पहिला दणदणीत पाऊस झाला की पायाखालचा गालिचा ओला लागतो, छतातल्या दिव्यापाशी थेंब जमतो, चार दिवसांनी गाडीला कुबट वास येतो. मालक वर बघतो, काचेभोवतीच्या रबरावर बोट फिरवतो आणि निदान करून टाकतो : बिडिंग गेले. मग सिलिकॉनची नळी येते, काचेच्या कडा लिंपल्या जातात आणि पुढच्या पावसात पाणी पुन्हा आत येते. हे निदान बहुतेक वेळा चुकते. ते का चुकते, याचे उत्तर यंत्रशास्त्रात आहेच. पण नागापूर आणि नगरच्या परिसरात माणसांनी छताला भोके कशी पाडली आणि पाण्याला वाटा कशा दिल्या, त्या जुन्या रीतीत ते अधिक स्वच्छ दिसते.

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या या मुलखातले जुने घर म्हणजे माळवदाचे घर. तुळया, त्यांवर किलच्या, वर पाला आणि त्यावर पांढऱ्या मातीचा दाबून बसवलेला जाड थर. वरून पाहिले तर छत सपाट, पण त्याला बेताचा उतार असे आणि उताराच्या टोकाला भिंतीबाहेर काढलेली पन्हळ. खालच्या खोलीत उजेड यावा, चुलीचा धूर जावा म्हणून याच छताला एक भोक ठेवत. त्याला साणे म्हणत. आजच्या सनरूफचा हा खरा पूर्वज. मातीच्या छताला मुद्दाम भोक ठेवणारा माणूस पावसाला विसरलेला नव्हता. साण्याच्या कडा छतापेक्षा उंच असत, म्हणजे माळवदावर पडलेले पाणी भोकात न शिरता त्याला वळसा घालून पन्हळीकडे जाई. पाऊस आला की भोकावर झाकण पडे. झाकणाखालून काही थेंब आत येणारच, हे घरच्यांनी धरलेले असे. घराची भिस्त झाकणावर नव्हती, उतारावर आणि पन्हळीवर होती. म्हणूनच मृगाआधी माळवदाकडे लक्ष दिले जाई : उगवलेले गवत उपटायचे, उंदरा-घुशींची बिळे बुजवायची, नवी माती टाकून धुम्मस करायची आणि पन्हळीत अडकलेला कचरा काढायचा. छत गळणे हा मातीचा दोष मानला जात नसे. वर्षाचे काम चुकल्याची ती खूण होती.

हीच समज शहराच्या पातळीवर फार मोठ्या प्रमाणात वापरली गेली. १४९० साली अहमद निजामशहाने वसवलेल्या या शहराला सीनेचा प्रवाह बारमाही पुरणारा नव्हता. तेव्हा भोवतालच्या उंच भागातून, कापूरवाडी, शेंडी, वडगाव अशा गावांच्या शिवारांतून, जमिनीखालून पाणी आणले गेले. भाजलेल्या मातीच्या नळ्या एकीत एक बसवायच्या, सांधे चुन्याने भरायचे आणि उतार राखत पाणी महालांत, बागांत, हौदांत न्यायचे. लोकांच्या तोंडी या व्यवस्थेचे नाव खापरी नळ. या नळांचे टिकाऊपण नुसत्या सांध्यांच्या घट्टपणात शोधणे चूक ठरेल. वाटेत ठिकठिकाणी हवा सुटण्यासाठी उच्छ्वास होते, आत उतरून गाळ काढता येईल अशा जागा होत्या. चुन्याचा सांधा कधीतरी सुटणार आणि गाळ तर रोजच येणार, हे गृहीत धरून बांधणाऱ्यांनी तपासणीची सोय बांधकामातच ठेवली. एकोणिसाव्या शतकातही यांतल्या काही नळांचे पाणी शहर पीत होते. चारशे वर्षांच्या या टिकाऊपणात मोठा वाटा गाळ काढणाऱ्या हातांचा होता.

मोटारीच्या छताचा इतिहास मात्र उलट्या दिशेने गेला : उघड्या वाटेकडून लपलेल्या वाटेकडे. सुरुवातीच्या मोटारींना कापडी हूड असे. आपल्याकडे १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून जोडल्या जाऊ लागलेल्या जीपलाही कित्येक वर्षे तेच छत होते. हूड गळणार हे चालकाला ठाऊक होते. कुशनवाला शिवण उसवून पुन्हा घालून देई, ताडपत्रीला मेण लावी. बंद मोटारी आल्या तरी त्यांच्या छताचा मधला भाग पुष्कळ काळ लाकडी चौकटीवर ताणलेल्या कापडाचाच होता, कारण एवढा रुंद पत्रा एका तुकड्यात दाबून काढणे जमत नव्हते. १९३५च्या मोटारींसाठी जनरल मोटर्सने अखंड पोलादी छत आणले आणि शिवणीची कटकट संपली. गंमत अशी की, छत नीट बंद करण्याची ही खटपट चालू असतानाच त्याला भोक पाडण्याची हौसही वाढत होती. इंग्लंडात १९२०च्या दशकात पिचली नावाचे सरकते छत निघाले, जर्मनीत वेबास्टोने गुंडाळता येणारी छते केली, अमेरिकेत १९३७मध्ये नॅशने कारखान्यातूनच सरकते छत बसवून दिले. भारतात हे बरीच वर्षे श्रीमंतांच्या गाड्यांपुरते राहिले. गेल्या दशकात ते मध्यम किमतीच्या एसयूव्हींत आले आणि मग अगदी छोट्या गाड्यांतही. अँबॅसडर आणि पद्मिनीच्या अखंड पत्र्याखाली बसून दोन पिढ्यांची समजूत झाली होती की मोटारीचे छत ही देखभाल न मागणारी वस्तू आहे. त्या समजुतीनिशीच आपण साण्याच्या मोटारीत येऊन बसलो.

आता या छताची रचना पाहा. काचेभोवतीचे रबर पाणी पूर्ण अडवण्यासाठी नसते. बहुतेक पाणी वरून सरकवून देणे आणि वाऱ्याचा आवाज रोखणे एवढेच त्याचे काम. त्याखालून झिरपणारे पाणी धरायला काचेच्या चौकटीखाली पन्हळीसारखी खोबण असते आणि तिच्या कोपऱ्यांतून, बहुधा चारही, बोटापेक्षा बारीक नळ्या निघतात. पुढच्या नळ्या समोरच्या काचेलगतच्या खांबांतून उतरून दाराच्या बिजागरीजवळ किंवा मडगार्डच्या आत सुटतात. मागच्या नळ्या मागच्या खांबांतून चाकाच्या किंवा बंपरच्या बाजूला. म्हणजे माळवद, उंच कडेचे साणे आणि पन्हळ हीच व्यवस्था, फक्त पन्हळ खांबाच्या पोटात दडलेली. म्हणून निदानही पाण्याच्या वाटेवरूनच करायचे. पुढचा गालिचा ओला असेल तर संशय पुढच्या नळीवर, डिकीत पाणी साचत असेल तर मागच्या नळीवर, छतातल्या दिव्यापाशी थेंब असेल तर खोबणीला तडा गेला आहे किंवा नळी वरच्या टोकाला सुटली आहे. काच उघडून एकेका कोपऱ्यात पेलाभर पाणी हळूहळू ओतावे आणि गाडीखाली त्याच बाजूला धार येते का ते पाहावे. धार आली नाही, पाणी खोबणीतच तटून राहिले, तर नळी तुंबली आहे. मऊ नायलॉनची दोरी आत सरकवून ती मोकळी होते. तार घातली तर नळी फाटते, कॉम्प्रेसरची जोरदार हवा मारली तर नळी आतल्या आत सांध्यातून निसटते आणि साध्या दुखण्याचे मोठे दुखणे होते. कोरड्या उन्हाळ्यात गालिचा ओला झाला तर छताकडे पाहण्याआधी एसीच्या पाण्याची नळी तपासावी. दाराच्या आतला प्लास्टिकचा पडदा आणि समोरच्या काचेखालची पानगळीने भरलेली खोबण, हेही नेहमीचे संशयित.

पाणी अडवण्यापेक्षा ते बाहेर काढण्याची तजवीज मोठी, याला पुरावा हवा असेल तर तो नगरमध्येच आहे. १९४८पासून येथे भारतीय लष्कराच्या चिलखती दलाचे केंद्र आहे, १९९४मध्ये उघडलेले रणगाडा संग्रहालय आहे. टी-७२सारखा रणगाडा श्वासनळी उभी करून सुमारे पाच मीटर खोल पाण्यातून नदीच्या तळावरून जातो. त्याची झाकणे आणि सांधे याच कामासाठी सील केलेले असतात, तरी आत शिरलेले पाणी उपसायला त्यात पंप बसवलेला असतो. म्हणजे जिथे गळती जिवावर बेतू शकते, तिथेही रचनाकाराने एकट्या सीलवर विश्वास टाकलेला नाही. नागापूरच्या वसाहतीत क्रॉम्प्टनच्या, यंत्रे फिरवणाऱ्या विजेच्या मोटारी बनत आल्या आणि २०२०पर्यंत लार्सन अँड टुब्रोचे स्विचगिअर बनत होते. विजेच्या बंद मोटारीचे कवच पाणी-धुळीला कितीही दाद न देणारे असो, आत हवेतला ओलावा थिजून साचणारे पाणी निघावे म्हणून कवचाच्या तळाशी निचऱ्याचे भोक ठेवण्याची पद्धत जगभर रुळलेली आहे. घट्ट बंद करणे हा ज्यांचा व्यवसायच आहे, तेही खाली एक वाट मोकळी ठेवतात.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, वर्षाला साधारण पाच-सहाशे मिलिमीटर पावसाच्या जिल्ह्यात या चर्चेला एवढे महत्त्व का? हा प्रश्न कोकणाने विचारावा, फार तर पश्चिमेच्या अकोले तालुक्यातल्या घाटमाथ्याने. पण उलट पाहिले तर कमी पावसाचा मुलूख अशा छताला अधिक धोक्याचा आहे. सतत पाऊस पडणाऱ्या ठिकाणी नळ्या आपोआप धुतल्या जातात. नागापुरात आठ महिने कोरडे जातात. रस्त्यावरची माती, कारखान्यांच्या आवारातली बारीक धूळ, गाडी उभी केलेल्या कडुनिंबाची पाने आणि मोहोर खोबणीत साठत राहतो. पहिल्या वळवाने त्याचा चिखल होतो आणि तो नळीच्या तोंडाशी बसतो. सप्टेंबरच्या परतीच्या पावसाची जोरदार सर येते तेव्हा वाट आधीच बंद असते. दुष्काळी भागातल्या लोकांनी माळवदाची डागडुजी मृगाआधी करण्याची रीत पाडली ती याच अनुभवातून.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे : रबर खरोखरच खराब होते, काच खरोखरच तडकते, मग सगळे खापर नळ्यांवर फोडणे एकांगी नाही का? हे मान्य केले पाहिजे. उन्हाने रबर कडक होते, आखडते. ते मऊ ओल्या फडक्याने पुसून रबरासाठीचे सिलिकॉन ग्रीस बोटभर लावावे. पेट्रोलजन्य तेल लावल्यास रबर फुगते. न सरकणाऱ्या, गोंदाने चिकटवलेल्या मोठ्या काचेच्या छतात तर गोंदाचा सांधाच गळतीचे मूळ असू शकतो आणि तिथे काच काढून पुन्हा बसवण्यावाचून उपाय नाही. तडकलेल्या काचेचे तर वेगळेच शास्त्र. तापवून झटकन थंड केलेली कडक काच सहसा नुसती तडकत नाही, एकदम चुरा होते. दोन काचांमध्ये पातळ पापुद्रा घालून केलेली काच तडा जाऊनही जागेवर राहते, पण वाऱ्याचा दाब आणि चौकटीचा पीळ सोसणाऱ्या छतावर तो तडा वाढतच जातो. दोन्ही बाबतींत सिलिकॉनचा लेप हा उपाय नव्हे. काच बदलणे हाच. पण नेमक्या याच अपवादांमुळे मूळ मुद्दा पक्का होतो. रबर खराब झाले तर खोबणीत पाणी अधिक येते. नळ्या मोकळ्या असतील तर तेही बाहेर जाते. नळ्या बंद असतील तर नवे कोरे रबरही गालिचा वाचवू शकत नाही.

तिसरा आक्षेप ग्राहकाचा आहे : लाखो रुपये मोजून घेतलेल्या गाडीच्या नळ्या मालकाने का साफ कराव्यात? २०२३च्या फेब्रुवारीत हिमाचलातल्या एका धबधब्याखाली उभ्या केलेल्या भारतीय एसयूव्हीच्या छतातून आत पाण्याच्या धारा लागल्याची चित्रफीत देशभर फिरली. उत्पादकाने तीच गाडी धबधब्याखाली उभी करून पाणी येत नसल्याची चित्रफीत काढली. वाद रंगला तो रचना चांगली की वाईट यावर. हिशेब मात्र कुणी मांडला नाही. सरकत्या काचेचे क्षेत्र साधारण ०.४ चौरस मीटर धरले, तर तासाला ५० मिलिमीटरच्या मुसळधार पावसात तिच्यावर तासाभरात पडते सुमारे २० लिटर पाणी, आणि त्यातलेही बहुतेक वरूनच ओघळून जाते. धबधब्यात तेवढे पाणी क्षणात कोसळते. बारीक नळ्या पावसासाठी आखलेल्या असतात, धबधब्यासाठी नव्हेत. पण याचा अर्थ उत्पादक सुटला असा नाही. त्याची चूक असेल तर ती वाट लपवण्यात आहे : नळ्यांची तोंडे कुठे आहेत ते मालकाला कळत नाही, आणि नियमित सर्व्हिसच्या कामांत त्यांच्या सफाईला अनेकदा जागाच नसते. खापरी नळ बांधणाऱ्यांनी गाळ काढायला जागा ठेवली. आपण खांबाच्या आत नळी घातली आणि वर गालिचा अंथरला.

म्हणून सनरूफच्या गळतीला निकृष्ट वस्तूची कहाणी म्हणण्यापेक्षा मोडलेल्या रीतीची कहाणी म्हणणे जास्त खरे. माळवद डोळ्यांसमोर होते, पन्हळीची धार अंगणात दिसे. धार बारीक झाली की कुणीतरी शिडी लावून वर जाई. पोलादी छताने ती शिडी अनावश्यक केली आणि काचेच्या छताने ती पुन्हा गरजेची केली, पण धार दिसेनाशी झाल्यामुळे ते कुणाच्या लक्षात आले नाही. रीत परत आणायला फार काही लागत नाही. मृगाच्या आधीच्या आठवड्यात काच उघडावी, खोबण पुसावी, चारही कोपऱ्यांत पेलापेलाभर पाणी ओतावे आणि वाकून पाहावे : गाडीखाली चार ठिकाणी धार लागली तर पन्हळ वाहते आहे.