शिंपल्यांचें कुळ

मुक्ताईनगरजवळ चांगदेव येथें तापी आणि पूर्णा ह्यांचा संगम आहे. आपल्याकडील अशा नद्यांच्या गाळांत अर्धवट रुतून, पाणी गाळून पोट भरणारा शिंपला कोणत्या कुळांतला, हा प्रश्न दिसावयास क्षुल्लक. परंतु त्याच्या उत्तरासाठीं विद्वानांस अडीचशें वर्षें खपावें लागलें आहे.

इ. स. १७७४ मध्यें डेन्मार्कच्या म्युल्लरनें एका सुरकुतलेल्या भारतीय शिंपल्यास ‘कोरुगाटा’ हें नांव दिलें. १८१९ मध्यें फ्रान्सच्या लामार्कनें ‘मार्जिनालिस’ ही जात वर्णिली. दोघांचाही आधार म्हणजे मुख्यतः कवच. पण कवच फसवें असतें. प्रवाहाचा वेग, तळाची माती व प्राण्याचें वय ह्यांप्रमाणें त्याचा आकार पालटतो. म्हणून एकाच जातीस अनेक नांवें मिळालीं, तर कधीं भिन्न वंश एकाच नांवाखालीं गेले.

पुढें अभ्यासक कवच उघडून आंत पाहूं लागले. शिंपल्याची मादी आपलीं पिलें कल्ल्यांत वाढविते; बाहेर पडल्यावर तीं कांहीं काळ माशांच्या अंगास चिकटून राहतात. ही पिलांची पिशवी व पिलांची घडण तपासून बैनी प्रशाद ह्यांनीं १९१८ सालीं, पूर्व आशियांतील ‘नोड्युलारिया’ गणांत घातलेले भारतीय शिंपले निराळे काढले व त्यांस ‘इंडोनाया’ हें नांव दिलें. हेच प्रशाद पुढें भारतीय प्राणिसर्वेक्षण विभागाचे संचालक झाले.

आतां डीएनए म्हणजे आनुवंशिक द्रव्याची साक्ष काढली जाते. १९१८ सालीं पिशवीनें जें सांगितलें, त्याहून मागचें हें द्रव्य सांगतें. २०२२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाचा निष्कर्ष असा, कीं ‘कोरुगाटा’च्या उपकुळाचा उगम प्राचीन गोंडवन भूमीच्या पूर्वभागांत झाला, आणि भारतभूमि उत्तरेकडे सरकली तेव्हां तिच्यावर बसूनच तो वंश आशियांत आला. दख्खनचा काळा पाषाण सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वींच्या लाव्हारसाचा. त्याच्या थरांमधील तळ्यांच्या गाळांत सांपडलेले शिंपल्यांचे अवशेष नागपूरच्या हिस्लॉपनें १८६० मध्यें वर्णिले होते. ज्वालामुखीच्या त्या धुमाळींतही येथें शिंपले नांदत होते, एवढें त्यांवरून निश्चित होतें.

हा नुसता नांवांचा वाद नव्हे. बंधाऱ्यांनीं प्रवाह अडतो, उपशानें वाळू जाते. पिलांस वाहून नेणारा मासा नाहींसा झाला, म्हणजे शिंपल्याचा वंशही खुंटतो. एका नांवाखालीं अनेक वंश दडले असतील, तर त्यांतील एखाद्या नदीचा वंश बुडाला तरी दप्तरांत ‘जात विपुल आहे’ अशीच नोंद राहील. ज्यास नांव नाहीं, त्याचें सुतकही कोणी पाळीत नाहीं.