टाक्याची कुळकथा

सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाळ्यात काही हजार मिलिमीटर पाणी कोसळतं आणि मार्च उजाडला की त्याच माथ्यावर घोटभर पाण्यासाठी वणवण होते. बेसाल्टचा सलग कातळ पाणी फारसं जिरू देत नाही, त्यामुळे आलेलं पाणी धावत दरीत उतरतं. ओढे दिवाळीनंतर रोडावत जातात. म्हणून इथला जाणता भटक्या ओढ्यावर विसंबत नाही. निघण्याआधी तो एवढंच विचारून घेतो, ‘वर पिण्याचं टाकं कुठलं?’

ही टाकी आपण डोळे झाकून किल्ल्यांच्या नावे जमा करतो. पण कातळात पाणी साठवण्याचा हा उद्योग किल्ल्यांच्या कितीतरी आधीचा आहे. भाजे, जुन्नर, कान्हेरी इथे भिक्षूंसाठी लेणी कोरली तेव्हाच शेजारी टाकीही कोरली गेली. कान्हेरीत तर पावलोपावली टाकं दिसतं. डोंगरउतारावर बोटभर चर खणून पावसाचं पाणी त्यांच्यात वळवलेलं आहे. या टाक्यांचा खर्च दात्यांनी उचलला आणि तशी नोंद तिथेच ब्राह्मी लिपीत करून ठेवली. एका लेखात कल्याणचा सोनार सामिदत्त आहे. दुसऱ्यात सातेरक नावाचा अमात्य. सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी ही पश्चिम क्षत्रप घराण्यातल्या एका महाक्षत्रपाची मुलगी होती, हे आपल्याला या सातेरकाच्या लेखामुळे कळतं. दोन वैरी घराण्यांतल्या सोयरिकीचा पुरावा टाक्याच्या दानलेखातून मिळावा, ही मला तरी राजवाड्याच्या भिंतीवर मिळण्यापेक्षा मोठी गोष्ट वाटते.

लेण्यांतलं हे तंत्र वाटसरूंच्या कामी आलेलं पाहायचं तर नाणेघाट चढावा. कोकणातल्या बंदरांतून जुन्नर-पैठणकडे जाणारा माल याच वाटेने वर यायचा. वैशाखरे गावाकडून चढताना घामाने भिजलेला माणूस माथ्याजवळ पोचतो, तर तिथे कातळात खोदलेली टाकी तयार. सातवाहन राणी नागनिकेच्या लेखामुळे गाजलेलं लेणं इथलंच. जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजणही इथलाच. त्याच्यासोबत सगळे फोटो काढतात. मात्र इथे आणखी एक छोटा लेख आहे, त्याच्याकडे फारसं कुणी बघत नाही. कामवनच्या दामघोषाने टाकं दान दिल्याचा तो लेख. घाट चढून आलेल्या माणसाची तहान भागवणं हा त्या काळी पुण्य मिळवायचा रोकडा मार्ग होता.

टाकं खोदणं म्हणजे नुसता खड्डा पाडणं नव्हे. लाव्हाचे थर एकावर एक साचून हा डोंगर झाला. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबडा मातकट पट्टा असतो आणि त्याच्या वरून पाणी पाझरतं. खोदणाऱ्याला तो पाझर साधला तर टाकं बारमाही, नाही साधला तर सगळी भिस्त पावसावर. शिवाय पोटातला कातळ अखंड हवा. एखादी भेग निसटली तरी चार महिन्यांचं पाणी पंधरवड्यात गायब. चांगलं टाकं तोंडाशी लहान आणि आत डोंगराखाली खोल शिरलेलं असतं. छत पडू नये म्हणून मध्ये कातळाचेच खांब सोडलेले. त्याला खांबटाकं म्हणतात. आत ऊन पोचत नाही, त्यामुळे पाणी कमी उडतं, शेवाळ कमी धरतं. बॅटरीचा झोत तिरपा मारला तर भिंतीवर छिन्नीचे तिरके घाव अजून मोजता येतात. निघालेला दगडही वाया जात नसे, तो तटबंदीला लागे.

किल्ले उभे राहिले तेव्हा ही विद्या तयारच होती. नाणेघाटाच्या पाठीशी जीवधन आणि चावंड आहेत. चावंडवरची सात टाकी आज सप्तमातृकांच्या नावाने ओळखतात. पुढे मराठेशाहीत रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्र’ या राजनीतीवरच्या ग्रंथात हा विषय नेमका मांडला. आधी पाणी पाहावं, मग किल्ला बांधावा; पाणी नसेल तर कातळ फोडून टाकी करावीत. झरा आहे म्हणून निर्धास्तही राहू नये. लढाईत तोफांच्या हादऱ्याने झरे आटतात आणि नेमकं तेव्हाच पाणी जास्त लागतं. माझ्या मते मराठीत पाण्याविषयी इतकं व्यवहारी दुसऱ्या कुणी लिहिलेलं नाही.

१८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर किल्ल्यांवरचा राबता मोडला. टाकी उपसणारं कुणी उरलं नाही, गाळ साचत गेला. आता दुर्गसंवर्धनाची मंडळी एप्रिल-मे महिन्यांत घमेली हातोहात देत तो काढतात. त्याच गडावर शनिवार-रविवारी आलेले काही वीर पिण्याच्या टाक्यात सूर मारतात, साबण लावून आंघोळही करतात. त्यांना पायथ्याच्या गावकऱ्यांनी झाडलेलं मी ऐकलंय आणि ते मला मुळीच कठोर वाटलं नाही.

गडावर टाकी दहा असली तरी पिण्याजोगं एखादंच असतं, आणि ते पायथ्याच्या गावाला ठाऊक असतं. ते पाणीही आधी फडक्यातून गाळावं, मग उकळावं. नुसत्या क्लोरीनवर राहू नये. गढूळ पाण्यात त्याचा जोर कमी पडतो आणि क्रिप्टोस्पोरिडियमसारखे काही जंतू त्याला दाद देत नाहीत. पाण्याला खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरतं. २००० मीटरच्या वर ते तीन मिनिटं ठेवायला सांगतात. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच कळसूबाईचं शिखरसुद्धा १६४६ मीटरच आहे, तेव्हा इथल्या सह्याद्रीत इंधन जपून वापरलं तरी चालतं.