नाग नदीची हद्द

अमरावती रोडने निघालं की नागपूर कुठे संपतं आणि वाडी कुठे सुरू होते, ते कळत नाही. ट्रक, गोदामं, पुन्हा ट्रक... कागदावर मात्र हद्द पक्की आहे. अलीकडे महानगरपालिका, पलीकडे वाडी नगरपरिषद. नाग नदीला हे कुणी सांगितलेलं दिसत नाही. ती वाडीजवळ लाव्याच्या टेकड्यांत उगम पावते, अंबाझरी तलावात येते आणि तिथून शहरात शिरते. येताना वाडीकडचं सांडपाणीही आणते.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. भोसल्यांच्या काळातला हा तलाव भरून वाहिला, डागा लेआउट, अंबाझरी लेआउटमध्ये घरांत पाणी घुसलं, माणसं गेली. मग जबाबदारी कुणाची, यावर प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात पोचलं.

हा घोळ जुना आहे. घटनेने पाणी राज्यांच्या यादीत ठेवलं, त्यामुळे १९७४ चा जलप्रदूषणाचा कायदा करताना केंद्राला आधी राज्यांचे ठराव घ्यावे लागले. १९७६ मध्ये ४२ व्या घटनादुरुस्तीने जंगलं समवर्ती सूचीत गेली. १९८६ चा पर्यावरण कायदा केंद्राने १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेच्या आधारे केला, तेव्हा ठरावही लागले नाहीत. अधिकार असा वर वर सरकत गेला.

आणि काम? ते खाली आलं. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांसाठी अठरा विषय लिहिले, त्यात पर्यावरण रक्षणही आहे. पण गंमत बघा, राज्याने हे अधिकार 'द्यावेत' असं तिथे म्हटलेलं नाही. 'देऊ शकेल' असं आहे. त्या एका क्रियापदात सगळं आलं!

२००८ मध्ये दिल्लीने आठ मोहिमांचा हवामान आराखडा आणला. २०२० पासून राज्याचं 'माझी वसुंधरा' अभियान पंचमहाभूतांवर पालिका आणि ग्रामपंचायतींना गुण देतं. कल्पना चांगली आहे. पण गुण गावाला मिळतात, पाणलोटाला नाही.

वाडीने आपले नाले साफ ठेवले, उतारावरचं पाणी अडवलं, तर त्याचा मोठा फायदा खाली डागा लेआउटला. मग हा खर्च आमच्या घरपट्टीतून का, असं वाडीतल्या कुणी विचारलं, तर मला तरी उत्तर सुचत नाही.