वजनाकडून वाफेकडे

'इस्त्री' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला असं मानतात. त्यांच्या भाषेत 'एस्तिरार' म्हणजे ताणणं. बटाटा, साबण, चावी यांच्याच पंगतीतला हा पाहुणा. आता तो इतका घरचा झालाय की परका वाटतच नाही. कपड्याची घडी मात्र त्याच्या कितीतरी आधीची. 'परीटघडी' हा शब्द तर अस्सल आपला. आणि परिटाकडे न जाणारे कपडे? ते रात्रभर गादीखाली! नाहीतर पितळी तांब्यात निखारे घालून तो कपड्यावर फिरवायचा. ही युक्ती आमच्या आधीच्या पिढीतल्या पुष्कळांनी केलेली आहे.

गंमत म्हणजे तांब्याची ही आयडिया फार जुनी आहे. बाराव्या शतकाच्या सुरुवातीचं, चीनच्या सम्राट ह्वीझोंगच्या नावावर असलेलं एक चित्र बॉस्टनच्या संग्रहालयात आहे. त्यात बायका रेशमाचं लांबलचक कापड ताणून धरतात आणि एकजण त्यावरून निखाऱ्यांनी भरलेलं दांड्याचं भांडं फिरवते. आपला तांब्याच तो, फक्त त्याला दांडा आहे!

सुती कापड चुरगळतं का, तर सेल्युलोजचे रेणू एकमेकांना धरून बसतात. कापड वाकडं असताना वाळलं की ते वाकड्या अवस्थेतच धरून बसतात. ओलावा आणि उष्णता मिळाली की पकड सैल होते, वरून दाब दिला की धागा सरळ होतो, आणि सुकला की तसाच राहतो. म्हणजे ओल, ऊब आणि दाब, तिन्ही हवेत. जुन्या इस्त्रीत दाबाचं काम वजन करायचं. इंग्रजीत जुन्या लोखंडी इस्त्रीला 'सॅड आयर्न' म्हणत. इथे 'सॅड' म्हणजे दुःखी नव्हे, जड. (अर्थात दिवसभर ती उचलणाऱ्या बाईला दोन्ही अर्थ लागू पडत असणार.) १८७१ मध्ये अमेरिकेत मेरी फ्लोरेन्स पॉट्स या बाईंनी सुटी होणारी लाकडी मूठ काढली. दोन-तीन लोखंडं चुलीवर तापत ठेवायची आणि मूठ बदलत राहायची. हाताला चटका नाही आणि कामाला खंड नाही. वजन मात्र तेवढंच.

१८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या हेन्री सीलीने विजेच्या इस्त्रीचं पेटंट घेतलं. पण तेव्हा वीज होती किती घरांत? मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट कॅलिफोर्नियातल्या ऑन्टारिओची आहे. अर्ल रिचर्डसन हा वीज कंपनीतला माणूस. त्याने हलकी इस्त्री बनवली, पण वीज फक्त रात्री दिव्यांपुरती असायची. इस्त्रीचा वार मंगळवार. म्हणून त्याने कंपनीला मंगळवारी दिवसाही वीज सोडायला लावली, असं सांगतात! बायकांनी वापरून सांगितलं की टोक जास्त तापायला हवं, चुण्या आणि बटणं तिथेच असतात. त्यावरून १९०५ ची त्याची इस्त्री 'हॉटपॉइंट' नावाने विकली गेली. लोडशेडिंगच्या दिवसांत वीज आल्याबरोबर इस्त्रीला धावलेल्या मंडळींना तो मंगळवार बरोबर कळेल.

पुढे १९२६ मध्ये 'एल्डेक' कंपनीने न्यूयॉर्कमध्ये वाफेची इस्त्री विकायला काढली. आतापर्यंत हाताने शिंपडलं जाणारं पाणी इस्त्रीच्या पोटात गेलं, आणि भरपूर ओल मिळाल्यावर वजनाची गरज कमी झाली.

हे सगळं आठवायचं कारण आई. पडल्यामुळे तिच्या मनगटाचं हाड मोडलं होतं, ते नीट जुळलं, पण जड इस्त्री उचलली की हात दुखतो. आणि साड्या दुसऱ्याकडे द्यायच्या नाहीत, हा तिचा हट्ट. (मामेबहिणीनेही विचारलंय, "दादा, भरवशाची स्टीम इस्त्री कुठली रे?" तिलाही हेच उत्तर.)

माझ्या मते भरवसा इस्त्रीपेक्षा भिंतीतल्या सॉकेटचा आणि नळाच्या पाण्याचा आधी बघावा. २३० व्होल्टला ६ अँपिअर म्हणजे जेमतेम १३८० वॅट. दोन हजार वॅटची इस्त्री घेतलीत तर ती साध्या प्लगवर चालवायची नाही, तिला १६ अँपिअरचं मोठं सॉकेटच लागतं. मग पाणी. वाफ होते ती तळपट्टीतल्या तापलेल्या खोलीत थेंब थेंब पाणी पडून. बोअरचं पाणी जड असेल तर त्यातला क्षार तिथेच बसतो, भोकं बुजतात आणि एक दिवस पांढऱ्या साडीवर तपकिरी डाग पडतो. कुठलं पाणी चालतं ते पुस्तिकेत असतं, ते दुकानातच वाचावं. काम झालं की टाकी रिकामी करावी. आणि 'इस्त्री गळते' ही तक्रार बऱ्याचदा बटण एका टिंबावर ठेवल्याने येते. एक टिंब म्हणजे ११० अंशांपर्यंत, तिथे पाण्याची नीट वाफ होत नाही. वाफ हवी तर किमान दोन टिंबं. आयएसआयची खूण बघावी हे तर सांगायलाच नको.

दुकानात आईने प्रत्येक इस्त्री उचलून पाहिली, तीही टाकीत पाणी भरायला लावून. पाव लिटर पाणी म्हणजे पाव किलो वजन, हे विक्रेत्याच्या लक्षात आलं नव्हतं. शेवटी १२५० वॅटची, हलकी, लांब वायरची एक पसंत पडली. रोजच्या साड्या आता ती घरीच करते, बसून. तांदळाची खळ घातलेल्या दोन नऊवाऱ्या मात्र वाफेला दाद देत नाहीत. त्या कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे जातात, आणि त्याची इस्त्री अजून कोळशाची आहे, पाच-सात किलोची.